येतो म्हणजे केव्हा?

‘येतो’ हा शब्द खरा मानणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो सडक अर्जुनीत हायवेला लागून राहतो. आमचे तिथले घरमालक, काकाजी. निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो, हे तुम्हा-आम्हाला शेंबड्या वयापासून ठाऊक असतं. काकाजींना ते त्रेसष्टाव्या वर्षीही मान्य नव्हतं. कुणी चपला घालत ‘येतो काकाजी’ म्हणालं की लगेच विचारायचे, "केव्हा?" गॅसवाला तर या प्रश्नाला इतका भ्यायचा की सिलिंडर ठेवून मुकाट्यानेच पळायचा. एकदा निवडणुकीतले एक उमेदवार हात जोडून ‘येतो, लक्ष असू द्या’ म्हणाले. "केव्हा?" "निवडून आलो की दुसऱ्याच दिवशी, काकाजी!" आता हे काय मनावर घ्यायचं असतं? पण साहेब निवडून आले, आणि दुसऱ्या दिवशी काकाजी इस्त्रीचा सदरा घालून, अंगणात दोन खुर्च्या मांडून दिवेलागणीपर्यंत बसले. चहा तीनदा गरम केला. मी म्हटलं, "अहो, ते कशाला येतील?" तर माझ्यावरच उखडले, "मंग म्हनला कायले?"

त्यांच्या पुढच्या दाराला कडी नव्हती. मोडली नव्हती, कधी बसवलीच नव्हती. शेजारच्या शेळ्या खुशाल आत येऊन त्यांच्या खाटेवर रवंथ करत. एकदा रायपूरकडचे दोन ट्रक ड्रायव्हर ढाबा समजून शिरले आणि "खाना मिलेगा?" म्हणाले. "मिलेगा, बैठो," म्हणून या गृहस्थांनी त्यांना वरणभात वाढला! मी कडीचा विषय काढला की म्हणायचे, "कोनी येतो म्हनून गेलं असन तं?" लग्न का नाही केलं, असं एकदा धीर करून विचारलं. शांतपणे म्हणाले, "बायको बाजारात गेली असती, तं मी घरी काय केलं असतं?" मी खूप हसले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

मी नर्स. नवरा नागपूरला नोकरीत, रविवारी यायचा. तीन वर्षांची लेक दुपारपर्यंत अंगणवाडीत आणि पुढे काकाजींकडे; ने-आणही तेच करायचे. सकाळी ती रडायची म्हणून तिला खेळात गुंतवायची आणि मागच्या दाराने सटकायची, ही माझी युक्ती. चौथ्या-पाचव्या दिवशी काकाजींनी फाटकात माझी पिशवी धरली.

"चोरावानी काऊन जाऊन राहिली तू? पोरीले सांगून जा."

"रडेल हो ती!"

"रडू दे. रडनं थांबते. वाट पाहनं थांबत नाई."

मग तिथेच, पिशवी न सोडता, त्यांनी सांगितलं. चार वर्षांचे असताना आईने त्यांना मामाकडे आणलं, ओंजळीत लाह्या दिल्या आणि म्हणाली, सांडू नोको, येतोच मी. तिने तिकडे छत्तीसगडात दुसरं घर केलं, हे मोठेपणी कळलं. "मामीनं मारलं नाई, उपाशी ठेवलं नाई. पर कोनी बाहेर निघालं का मी रस्ताच पाहत बसतो. आताबी बसतो."

दुसऱ्या दिवसापासून मी लेकीला सांगून जाऊ लागले, "पाच वाजता येते." आठ दिवस तिने रडून आळी डोक्यावर घेतली. मी जिवाच्या आकांताने पाचला घर गाठायची. नवव्या दिवशी ती रडली नाही. मग एकदा हायवेवर ट्रक उलटला आणि मला यायला सात वाजले. धावत फाटकाशी आले तर काकाजी पांढरेफटक पडून रस्त्याकडे बघत उभे, आणि माझी लेक त्यांचं बोट धरून सांगत होती, "आबा, आई येते ना. ललू नका." तिला खात्री होती हो! त्यांना नव्हती.

दोन वर्षांनी माझी कोल्हापूरला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. मी पाया पडले आणि सवयीने तोंड उघडलं, "येते हं, काकाजी." ते दोरीची गाठ घट्ट करत राहिले. केव्हा, म्हणून विचारलंच नाही. विचारलं माझ्या लेकीने, "केव्हा, आई?" मी वाकून तिच्या चपलेचा पट्टा लावू लागले. कोल्हापूर काय इथे आहे? काकाजी पाठमोरेच म्हणाले, "खोटं नोको सांगू तिले. जमत नसन तं ‘जातो’ म्हन."

मी आयुष्यात पहिल्यांदा ‘जाते’ म्हणाले.

"हाव. बेस केलं," काकाजी म्हणाले. "माह्या मायनं येवढं म्हटलं असतं, तं मी कवाचीच कडी बसवली असती."

याला दोन वर्षं झाली. लेक शाळेच्या दारात मला हात करते आणि मागे वळूनही न पाहता आत पळते. ही काकाजींची कमाई. मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही, याचं मला बरं वाटायला हवं. पण ड्यूटीवरून येऊन कुलूप काढते तेव्हा या नव्या गावात फार एकटं वाटतं. वाटतं, ‘येते’ म्हणाले असते, तर तिकडे अंगणात एक खुर्ची माझ्यासाठीही मांडली गेली असती.