डाव्या पायाचा अंगठा

उकंडराव ढोले गेल्याची बातमी मला वर्गातच मिळाली. चौथीच्या पोरांना शुद्धलेखन सांगत होतो. त्याचा थोरला पुतण्या दारात येऊन उभा राहिला नि म्हणाला, "मास्तर, काका गेले. सेवाग्रामच्या दवाखान्यातून आणून राह्यले, दोन वाजेपर्यंत येतीन." मी "बरं" म्हणालो आणि पोरांना पुढचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन्सिली वर धरून सगळी माझ्या तोंडाकडं बघत बसली, आणि मला काही केल्या त्यापुढचं वाक्य आठवेना... हातात पुस्तक उघडं होतं, तरी आठवेना. शेवटी हेडमास्तरांना सांगून निघालो.

त्याला आता महिना होऊन गेला. सिनेमातला मुनीम, हवालदार, नवरीचा बाप अशी उकंडरावाची ओळख बऱ्याच जणांना आहे. माझी ओळख त्याच्या पायांशी. हसायचं तर हसा, पण खरं तेच आहे. आर्वीच्या आमच्या नाटक मंडळाचा मी प्रॉम्प्टर. अक्षर बरं म्हणून आधी नाटकाची नक्कल उतरवून काढायचं काम गळ्यात पडलं, आणि नक्कल ज्याच्या हाती तोच विंगेत बसणार, हे ओघानं आलंच. उकंडराव जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलायला होता. कापसाचा हंगाम सरला की बाजाराच्या मैदानात मांडव पडायचा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती, आणि आर्वीतल्या नटाची धाव फार तर नागपूरपर्यंत असायची.

नायकाचं काम त्यानं कधी केलं नाही आणि मागितलंही नाही. तिशीतला गडी, पण सत्तरीचा बाप असा करायचा की बाया डोळ्याला पदर लावायच्या. मोठी खोड एकच. बोलता बोलता मध्येच थांबायचा. पहिल्याच नाटकात असा थांबला तेव्हा मला वाटलं, विसरला. मी घसा ताणून ओळ दिली, ती त्याच्याआधी पुढच्या रांगेनं ऐकली, आणि मांडवभर हशा झाला. पडदा पडल्यावर तो तरातरा विंगेत आला. "काय बाप्पा मास्तर! मी थांबलो होतो, विसरलो नवतो!"

"मले कसं कळन?" मी म्हणालो.

त्यानं माझा रॉकेलचा डबा पाहिला. त्यावर बसून विंगेच्या फाटक्या कापडातून मी काय पाहतो, ते वाकून पाहिलं. तिथून रंगमंचाची फक्त गुडघ्याखालची बाजू दिसायची. "पायच दिसतेत न तुले? मंग झालं तं. डावा अंगठा उचलला का ओळ देजो. नाई उचलला तं चूप बसजो, जग बुडलं तरी."

त्यानंतर आमचं कधी चुकलं नाही. सात-आठ वर्षं मी नकलेवर एक डोळा आणि त्या अंगठ्यावर एक डोळा ठेवून काढली. त्याची बायको रागावली की माझ्याकडं बोट दाखवून त्याला म्हणायची, माझ्यापेक्षा भाऊजींचंच तुमच्याकडं जास्त ध्यान.

मग नागपूरची स्पर्धा आली. नवं सामाजिक नाटक, त्यात उकंडरावाला रिटायर स्टेशनमास्तराचं काम. तालमी शाळेच्या पडवीत, सगळे अनवाणी. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तालमीत मी एक ओळ उशिरा दिली. तो आधीच तापलेला होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रॉम्प्टर काय, कोनीबी वाचते." झोंबलं मला. मीही म्हणालो, "मंग उद्या तुझं तूच पाहजो." बस्स, एवढंच झालं. सख्ख्या भावांत याहून जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग. तिसऱ्या अंकात पोरगा घर सोडून निघतो आणि बाप त्याला थांबवायला तोंड उघडतो. उकंडराव उघड्या तोंडानं थांबला. मी कापडातून पाहिलं. पाय जागच्या जागी. मला तर अभिमानच वाटला, म्हटलं काय थांबलाय गडी! बोट ओळीवर ठेवून मी चूप बसलो. तो थांबलाच. कुणीतरी खोकलं. मागून कुणी ओरडलं, "अबे, बोल नं!" मग हशा. त्यानं दुसरीच कुठली तरी ओळ म्हटली, पोराचं काम करणारा गडबडला, आणि अंक तिथंच पडला. आत आल्यावर उकंडरावानं माझ्याकडं एकदा पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बूट काढून ठेवले आणि निघून गेला.

हो, बूट. स्टेशनमास्तर म्हणून आर्वीच्याच एका रिटायर गार्डाचे काळे बूट मागून आणले होते. ते परत द्यायचं काम माझ्याकडं. नागपूरहून परतताना पुलगावला आर्वीच्या छोट्या गाडीची वाट बघत बसलो होतो, बूट मांडीवर, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, मी डाव्या बुटात हात घातला. आत अंगठा वर केला. बाहेरून काही म्हणता काही दिसलं नाही. पुन्हा केला... त्या फलाटावर मी किती वेळ बुटात हात घालून बसलो होतो, देव जाणे. एवढ्या वर्षांत बूट घालायची वेळच आली नव्हती. त्याच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण माझंही नाक काही लहान नव्हतं. त्यानं विचारावं, मग सांगू, असं म्हणत राहिलो. त्यानं विचारलं नाही. महिन्याभरात तो कोल्हापूरला सिनेमात गेला. जाताना कुणाला तरी म्हणाला म्हणे, "तिथं प्रॉम्प्टर लागत नाई." ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं.

त्याचा एकेक सिनेमा मी पाहिला. तळेगावच्या बाजारात तंबू लागला तर तिथंही सायकल मारत गेलो. काम चोखच करायचा, पण सिनेमावाले त्याला कमरेच्या वरच दाखवायचे. नागपूरच्या रेडिओवर श्रुतिकांत यायचा, तिथं तर माणूसच दिसत नाही. दिवाळीला गावी आला की रस्त्यात भेटायचा. "काय मास्तर, बरं हाय?" "बरं हाय." की चालला पुढं. माझा रॉकेलचा डबा तोवर आमच्या न्हाणीघरात पाण्याला गेला होता. नव्या नटांना ओळी पाठ असतात, विंगेत कुणी लागत नाही. रविवारचा दिवस मला खायला उठायचा.

या हिवाळ्यात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले समजते सारं. बोलनंच गेलं फक्त," आणि चहा आणायला गेल्या. मी सवयीनं पायथ्याशीच बसलो. कांबळं आखूड होतं, पाय उघडे होते. मी त्या पायांकडं बघूनच बोललो. "उकंड्या, नागपूरले मी मुद्दाम नाई केलं रे. तुह्या पायात बूट होता. मले अंगठा दिसलाच नाई." मग तोंडाकडं पाहिलं. तो माझ्याकडंच बघत होता. ओठ हलले, घशातून नुसता आवाज आला. आणि डाव्या पायाचा अंगठा उभा राहिला.

माझं तोंड आपोआप उघडलं. पण देऊ काय? माझ्या ट्रंकेत त्याच्या सगळ्या नाटकांच्या नकला आहेत, माझ्या हातच्या. हे वाक्य त्यातल्या एकाही नकलेत नव्हतं. त्यानं मला माफ केलं होतं, का इतकी वर्षं गप्प बसलो म्हणून तो शिव्या घालणार होता... मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "हे माह्यापाशी नाई रे, उकंड्या." अंगठा तसाच उभा होता. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांना वाटलं पायात गोळा आला. त्यांनी पाय चोळले आणि कांबळं ओढून झाकले.

तो गेला त्या दिवशी दोन वाजता त्याला घरी आणलं. अंगणात माणसं मावत नव्हती, त्याच्या सिनेमांच्या गोष्टी चालल्या होत्या. मी पायाशी जाऊन बसलो. तयारी करणाऱ्यानं रीतीप्रमाणे पायाचे दोन्ही अंगठे जोडून सुतळी गुंडाळली आणि गाठ आवळायला घेतली.

"जरा सैल बांध बावा," मी म्हणालो.

"काऊन?" त्यानं विचारलं.

मी डाव्या अंगठ्याकडं बोट दाखवलं. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि गाठ सैल केली. लोक 'उचला' म्हणेपर्यंत मी तिथंच बसून त्या अंगठ्याकडं बघत होतो.