मीटर वाजला की हात वर

आमच्या गोदामात यंदा धान नाही, विमान आहे. दोघांपुरतं, माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं. देवरीकडे जाणारे ट्रकवालेसुद्धा थांबून बघून जातात. मी मात्र तिकडे फिरकत नसे. हे उडणार आणि त्यात माझा माणूस बसणार, या विचाराचीच मला भीती वाटे.

वायरिंग झालं आणि तपासणी सुरू झाली. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला लावायची, दुसरी एकेका जोडाला टेकवायची. अर्थिंग नीट असेल तर मीटर वाजतो. मीटर पुढे सीटवर, आणि हे मागे शेपटीत आडवे. आकडा दिसत नाही, सगळी भिस्त कानावर.

रोज जेवायला तोंड पाडून येत. जोड उघडायचे, पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा कसायचे. एका सकाळी म्हणाले, "अर्थिंगच नाही येऊन राहिली. आज नाही जमलं तं भंगारात देतो विमान." खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुपारी मी गोदामात चहा घेऊन गेले. यांनी वायर टेकवली आणि मीटर वाजला. बारीक, पण स्वच्छ. हे पुन्हा घासू लागले.

जन्मभर राइस मिलच्या धडधडीत उभा राहिलेला माणूस. बारीक आवाज कधी ऐकू येईनासा झाला, आम्हाला कळलंच नाही. मी गप्प राहिले असते तर विमान जमिनीवरच राहिलं असतं. तेच तर मला हवं होतं. पण तो घासून घासून चकाकलेला जोड पाहिला आणि माझा जीव तुटला.

"अजी, काऊन घासून राहिले? वाजून राहिला ना."

हात थांबला. "कधीपासून?"

"मी आली तवापासून."

त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग तू बस तिथं. वाजला का हात वर कर."

मी पहिल्यांदाच त्या सीटवर बसले. माझा हात वर गेला की हे पुढच्या जोडाकडे वळत. मागच्या दिव्यापाशी मीटर वाजला नाही. मी हात मांडीवरच ठेवला. यांनी काही न विचारता पाना घेतला. बोल्टाखाली रंग राहून गेला होता. तो खरवडला तेव्हा माझा हात वर गेला.

बाहेर येऊन त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. "आता उडताना तुले संगं याच लागते," ते म्हणाले. "इंजिनचा बारीकसारीक आवाज मले कुठून येते?"

मी किती भित्री आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"माह्या सीटचा पट्टा घट्ट बांधजा मंग," मी म्हटलं.