आकडा कुत्र्याचा की भीतीचा?

तुमच्या कुत्र्याचं बीपी शेवटचं मोजलं, तेव्हा खोलीत कोण कोण होतं? आकडा तोंडपाठ असेल. पण तो घेताना कुत्रा कुठे उभा होता, शेजारी कोण भुंकत होतं, तुम्ही स्वतः कुणावर आवाज चढवला होता, यातलं काही सांगता येईल?

मलाही सांगता आलं नसतं. वीस वर्षं मी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी भांडतेय. जे येतं ते पुस्तकं चाळून आणि डॉक्टरांशी हुज्जत घालून आलेलं. मला शहाणपण शिकवणाऱ्याची मी सहसा गय करत नाही. पण एका बाईपुढे मी मुकाट बसले, आणि ते सांगताना मला अभिमानच वाटतो.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या या मावशीला ‘दहा मिनिटं’ म्हणतात. नाव टिंगलीतून पडलं. कुठलाही कुत्रा आणा, पायाला बीपीचा पट्टा बांधायच्या आधी मावशी एवढंच म्हणणार, "दहा मिनिटं." मग तो कुत्रा घेऊन ती मागच्या खोलीत जाणार.

ही बाई तिथे लागली ती लादी पुसायला. शिक्षण सातवी. नवरा शिंपी, घरात दोन मुली आणि दिवसभर खुर्चीतून हुकूम सोडणारी सासू. पुसता पुसता तिने एक गोष्ट हेरली. पुढच्या खोलीत, स्टीलच्या टेबलावर लटपटणारा कुत्रा मागच्या सामानाच्या खोलीत नेला की जरा वेळाने पाय पसरतो, धाप थांबते. एकदा पुढे जागा नव्हती म्हणून सकाळी बीपी घेतलेलाच कुत्रा पुन्हा मागे मोजला. सकाळी एकशे शहाण्णव, आता एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर म्हणाले, मशीन बिघडलं. ही म्हणाली, "मशीन तेच, कुत्रा तोच. खोली बदलली." कुणी लक्ष दिलं नाही. तिने धाकटीची जुनी वही घेतली आणि वर्षभर दोन्ही खोल्यांतले आकडे शेजारी शेजारी लिहिले. वही मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मशीन तिच्या ताब्यात आलं.

तिची पद्धत ठरलेली. जमिनीवर घोंगडी. नवऱ्याच्या टेपने पायाचा घेर मोजायचा आणि त्यावरून पट्टा निवडायचा. "अपुरा पट्टा आकडा फुगवतो. मापात चुकलं की कपडा बिघडतो, इथे कुत्रा बिघडतो." पहिला आकडा खोडायचा, पुढचे पाच धरायचे, त्यांची सरासरी काढायची. आणि समासात कुत्र्याची हालत लिहायची. ‘धापा टाकतोय.’ ‘शेपूट पोटात.’ ‘डुलकी लागली.’

आता हवालदाराचं सांगते. हा आमच्या गल्लीतला म्हातारा कुत्रा. पोटावर मोठी गाठ, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली, फुटायच्या बेतात. ऑपरेशनच्या दिवशी मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मावशी यायच्या आधी नव्या डॉक्टरांनी घाईत बीपी घेतलं. दोनशे बारा.

"एवढ्यावर भूल देता येणार नाही. दोन आठवडे गोळ्या, मग बघू," डॉक्टर म्हणाले.

"दोन आठवड्यांत गाठ फुटेल. मग काय बघणार?" मी ओरडले. डॉक्टरही चढले. शेजारी पिंजऱ्यातली मांजर किंचाळत होती.

तेवढ्यात मावशी आली. कागद पाहिला. समास कोरा.

"हा आकडा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? कुत्र्याचा."

"कुत्र्याचा की ताईंचा? यांच्या आवाजाने मलाच धडधडतंय."

डॉक्टर हसले, मी नाही. "पुन्हा दोनशे आलं तर, मावशी?"

"तर गोळ्या मी स्वतः भरवीन. पण नसलेल्या बीपीला गोळ्या दिल्या आणि वर भूल दिली, तर ते खाली जाऊन थांबेल कुठे?" तिने मशीन उचललं. "दहा मिनिटं."

हवालदाराला मागच्या खोलीत नेऊन तिने मला बाहेर ठेवलं आणि दार लावलं. आतून दार खरवडल्याचा आवाज येऊ लागला. मग कण्हणं. दार उघडलं.

"माझं चुकलं, ताई. तो तुम्हाला शोधतोय. या. पण तोंड बंद."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दहा मिनिटं. फोन थरथरला. तिने नुसतं बघितलं, मी बंद केला. हवालदाराची जीभ हळूहळू आत गेली, मान माझ्या मांडीवर आली. तिने टेप लावली. मघाचा पट्टा एक नंबर लहान होता. पहिला आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. मी तोंड उघडणार तोच तिने बोट दाखवलं आणि आकडा खोडला. मग एकशे छप्पन, बावन्न, एकोणपन्नास, एक्कावन्न, पन्नास. समासात लिहिलं, ‘मांडीवर मान.’

डॉक्टरांनी कागद वाचला. मग पँट वर ओढून घोंगडीवर बसले आणि एकदा स्वतः मोजलं. एकशे पन्नास. "भुलीची तयारी करा," असं म्हणताना त्यांनी पहिल्यांदा मावशींना अहो-जाहो केलं.

दुपारी गाठ निघाली. चौथ्या दिवशी हवालदार गल्लीत सायकलींवर भुंकत होता.

मी अनेक दवाखाने पाहिलेत, भिंतीवर टांगलेल्या पदव्या वाचल्यात. मशीनने दाखवलेल्या आकड्याला ‘तू कुणाचा?’ विचारणारी ही एकच बाई पाहिली, आणि ती आमची आहे.

म्हणून सांगते, कुत्र्याला घेऊन जाल तेव्हा त्याच्याजवळ जमिनीवर बसू द्या असं सरळ म्हणा, पहिल्या आकड्यावर थांबू नका. आणि डॉक्टरांशी भांडायचंच असेल, तर कृपा करून मोजून झाल्यावर भांडा.