सव्हानाच्या वाटेवर ‘उष्टं’ म्हणजे काय

स्प्रिंग ब्रेक संपला, मुलीला कॉलेजला सोडायचं होतं आणि नागपूरहून आलेल्या माझ्या ताईला समुद्र बघायचा होता. एका फेरीत दोन्ही कामं होतात म्हटल्यावर रविवारी सकाळी अल्फारेटाहून समुद्राजवळच्या सव्हानाकडे निघालो. चार-साडेचार तास धरा. अटलांटा लवकर ओलांडा, नाहीतर ट्रॅफिकमध्येच डबा उघडावा लागेल.

सानिका तिथे प्रॉडक्ट डिझाइन शिकते. तिने केलेली प्रवासातली पाण्याची बाटली प्राध्यापकांनी ‘यात रिसर्च दिसत नाही’ म्हणून परत पाठवली होती. सोमवारी पुन्हा दाखवायची, नाही पटली तर कोर्स पुन्हा करायचा. तिचं म्हणणं, रिसर्च तर भरपूर केला: बाजारातल्या बाटल्यांचे फोटो जमवले, मैत्रिणींना प्रश्नावली पाठवली, सगळ्यांना आवडली. मलाही ते पटलं होतं. आमच्या आयटीत याहून कमी विचारून सॉफ्टवेअर विकतात.

मेकनच्या पुढचा रस्ता सरळसोट, दोन्हीकडे पाइन, डोळा लागेल असा. वाटेत उकडलेल्या शेंगा घ्याच. खारट असतात. ताईने पिशवी संपवली आणि तिला तहान लागली. सानिकाने कौतुकाने आपली बाटली दिली. ती तोंडात धरून पाणी ओढायचं. ताईने वीतभर वर धरून दाबली आणि पाणी चष्म्यावर उडालं.

“आत्या, जस्ट सिप इट.”

“अगं, उष्टी होईल ना. मग तुम्ही काय प्याल?”

सानिकाने मला उष्टी म्हणजे काय ते विचारलं. मी जंतूंपासून सुरुवात केली, पण तसं नव्हे. घाण नव्हे, तरी दुसऱ्याला द्यायचं नाही. शेवटी हात टेकले. तिचा चेहरा मात्र पडला.

“बाबा, मी ज्यांना विचारलं ना, दे ऑल हॅव देअर ओन बॉटल. शेअर करतात का, हे मी विचारलंच नाही.”

सव्हानात रविवारी रस्त्यावर पार्किंग फुकट मिळालं. ओकच्या सावलीत बसून पोळीभाजी खाल्ली. सानिका जेवायचं सोडून समोरच्या कुटुंबाकडे बघत होती. एकच बाटली चौघांत फिरत होती, आणि आई दर वेळी बाहीने बाटलीचं तोंड पुसून पुढे देत होती. मग जवळच्या टायबी बेटाचा किनारा. ताई घोट्याएवढ्या पाण्यात लहान मुलीसारखी हसली.

सोमवारी संध्याकाळी, आम्ही घरी परतलेलो असताना, सानिकाचा व्हिडिओ कॉल आला. बाटली तिने दाखवलीच नव्हती. काय पाहिलं आणि काय चुकलं, तेवढंच सांगितलं. प्राध्यापकांनी कोर्स चालू ठेवायला सांगितलं, बाटली मात्र पहिल्यापासून करायची. मी म्हटलं, आता आत्याला प्रश्नावली पाठव.

“नको बाबा. फोन ओट्यावर ठेवा. आत्या, तू तुझं काम कर, मी नुसती बघते.”

ताई आधी केस सावरत उभी राहिली, मग फोन विसरून कणीक मळायला लागली. पलीकडून सानिका एक शब्द बोलली नाही. आमच्या घराण्यात एवढा वेळ गप्प बसलेली ती पहिलीच, आणि मला तिचा भारी अभिमान वाटला.