छातीचा साचा

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये जयदेव गांगुर्डेचं मूर्तींचं वर्कशॉप होतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या मूर्ती, प्लास्टरच्या आणि फायबरच्या. राहायला तो अंबरनाथला. बायको मालिनी तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. एकुलता एक विक्रांत अकरावीत, सहा फुटांना टेकलेला, काटकुळा, बोटं लांबच लांब.

विक्रांतची छाती मधोमध खोल गेलेली होती. लहानपणी ते जेमतेम जाणवायचं, पण वाढत्या वयात मूठ मावेल एवढा खळगा झाला. शाळेतली पोरं त्याला ‘वाटी’ म्हणायची. बाराव्या वर्षापासून त्याने घरातसुद्धा कुणासमोर शर्ट काढला नव्हता. २००७च्या दसऱ्याच्या सुमारास त्याला जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा दोघं त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

तिथल्या सर्जन वैष्णवी मॅडम म्हणाल्या, “छातीच्या हाडाखालून स्टीलची वाकवलेली पट्टी घालायची. ती उलटवली की हाड वर येतं. पण आधी हृदयाची टू-डी इको करून घ्या. अशा उंच, बारीक मुलांचं हृदय आधी बघावं लागतं.” इकोसाठी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारची तारीख मिळाली.

बोलता बोलता मॅडमनी परिषदेचा विषय काढला. छातीच्या पिंजऱ्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जानेवारीत बदलापूरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये जमणार होते. तरुण सर्जननी तिथे स्वतःच्या हाताने पट्टी घालायला शिकायचं होतं, पण परदेशातून येणारी छातीची मॉडेलं वेळेत पोचणार नव्हती.

“मी करून देतो ना मॅडम,” जयदेव म्हणाला. “किती पाहिजेत?”

“बारा.”

साच्यासाठी खोल छाती हवी होती. पोराला विचारायचा जयदेवला धीर होईना. एका रविवारी विक्रांतच वर्कशॉपात आला, शटर अर्धं खाली ओढलं आणि शर्ट काढून बाकावर आडवा झाला. जयदेव प्लास्टर कालवायला बसला.

“पप्पा, थंड आहे यार.”

“हलू नको. श्वास हळू घे.”

“नाव नाही ना टाकणार कुठे?”

“नाही टाकत.”

 मग विक्रांत म्हणाला, “म्हणजे एवढे डॉक्टर लोक माझ्यावर शिकणार? भारी ना!” आणि असा हसला की घट्ट होत आलेल्या प्लास्टरला तडा गेला. सगळं पुन्हा करावं लागलं. जयदेव रागावला नाही. पाच वर्षांनी पोराने अंगाला हात लावू दिला होता. दुसऱ्यांदा लेप देताना त्याने मुद्दाम वेळ लावला.

त्यानंतर विक्रांत रोज कॉलेजातून थेट वर्कशॉपात यायला लागला. फायबरच्या बरगड्या, वरून रबराची कातडी आणि मधलं हाड खालून रेटलं तर वर यावं, अशी जुळणी बापलेकांनी मिळून बसवली. सोमवारी, म्हणजे इकोच्या आदल्याच दिवशी, पहिल्या मॉडेलच्या बरगड्या तडकल्या. मॅडमना नमुना गुरुवारी दाखवायचा होता.

“इको नंतर करू ना पप्पा,” विक्रांत म्हणाला. “हे आधी होऊ दे.”

जयदेवने हॉस्पिटलात फोन केला. नवी तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. मालिनी चिडेल म्हणून घरी त्याने सांगितलं, “मशीन बंद पडलंय म्हणे. त्यांनीच पुढे ढकललं.”

त्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात विक्रांत कॉलेजातून घरी आला, चपला काढता काढता भिंतीला टेकला आणि म्हणाला, “आई, पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं गं.” रिक्षा दवाखान्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा तो मालिनीच्या मांडीवर गेलेला होता. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुटली होती. ती फुगली होती हे इकोत दिसलं असतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वैष्णवी मॅडम घरी आल्या. विक्रांतबद्दल परिषदेत सांगायचंय, म्हणजे बाकीचे डॉक्टर ही तपासणी कधी चुकवणार नाहीत, असं म्हणून त्यांनी परवानगी विचारली. मालिनी म्हणाली, “सांगा. दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू वाचेल. आम्हीपण येऊ ऐकायला.” जयदेव खाली मान घालून बसला होता. मॉडेलं तयारच होती.

रिसॉर्टच्या हॉलमध्ये बारा टेबलं मांडली होती आणि बारा टेबलांवर विक्रांतची छाती होती. डॉक्टरांनी पट्ट्या वाकवल्या, एका बाजूने आत सरकवल्या, दुसऱ्या बाजूने काढल्या आणि उलटवल्या. एकेका टेबलावरचा खळगा भरून येत गेला. मालिनीने जयदेवचा दंड घट्ट धरला. “असाच दिसला असता रे तो,” ती म्हणाली. जयदेवला हुंदका आवरला नाही.

दुपारी निबंधांचं वाचन होतं. मॅडमनी नाव न घेता विक्रांतची केस मांडली. सगळं इंग्रजीत. शेवटी एका म्हाताऱ्या सर्जननी विचारलं, इको आधी का झाली नाही? मॅडमनी सरळ उत्तर दिलं: तारीख दिली होती, वडिलांनी फोन करून ती पुढे ढकलली. दोघांनाही हे ठाऊक असणार, असंच त्या धरून चालल्या होत्या.

जयदेवला जेवढं कळायचं तेवढं कळलं. मालिनीला शब्द न् शब्द कळला. तिने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला आणि पर्स मांडीवर ठेवली. कार्यक्रम संपेपर्यंत ती समोर बघत बसली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना तिने विचारलं, “त्याला माहीत होतं?”

इको नंतर करू असं विक्रांतनेच म्हटलं होतं, हे जयदेवच्या ओठावर आलं. सांगितलं असतं तर निम्मा भार उतरला असता, पण तो पोराच्या माथी गेला असता.

“नाही,” तो म्हणाला. “मीच ठरवलं.”

“आणि मशीन?”

“मशीन चालू होतं.”

मालिनी रस्त्यातच खाली बसली. एवढ्या दिवसांत ती लोकांसमोर रडली नव्हती. आता तिला काही सुधरेना. जयदेव उठवायला वाकला तर तिने त्याचा हात झिडकारला.

ती त्याला सोडून गेली नाही. डबा करायची, कामावर जायची, लागेल तेवढंच बोलायची. विक्रांतच्या कॉटवर ती झोपायला लागली आणि जयदेवने कधी विचारलं नाही की का. पुढच्या वर्षी मॅडमनी दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षणासाठी आणखी बारा मॉडेलं मागितली. जयदेवने मालिनीला विचारलं. ती भांडी विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “करून दे.”

त्याने ती एकट्याने केली. रबर वाळेपर्यंत छातीच्या खळग्यावर हात ठेवून बसायचा आणि कुणी हाक मारली तरी लगेच उठायचा नाही.