लेगला मावशीचं घर

व्हिसा संपायला अकरा दिवस उरले होते आणि मला बारा बॉल मिळणार होते. आता सांगताना गंमत वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

इथे आखातात एसीच्या डक्टचं काम करणारी आमची कंपनी बंद पडली होती. गुदैबियातल्या खोलीत बरोबर राहणारा एक ड्रायव्हर म्हणाला, "अदलियात एका मालकाला क्रिकेटच्या टीमचं वेड आहे. बॅट्समन शोधतायत. पसंत पडलास तर स्टोअरमध्ये लावतील, व्हिसा ट्रान्सफर करून घेतील." आठवीत शाळा सोडली मी. दाखवायला दुसरं काय सर्टिफिकेट होतं? बायकोला काहीच सांगितलं नव्हतं. रोज फोनवर ड्यूटीवरून आलो म्हणायचो.

शुक्रवारी सकाळी गेलो. मधे सिमेंटची पट्टी, बाकी सगळी रेती. माणसं निवडणारे चाचा त्या मालकाच्याच कंपनीत क्लार्क, मूळचे रत्नागिरीचे. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. माझ्या आधीच्याने चार सिक्स मारले. आम्ही टाळ्या वाजवल्या. चाचांनी बॉल कुठे गेला ते पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या बुटांकडे बघत होते. "बस. यल्ला, पुढचा."

मी गार पडलो. चार पुरत नसतील तर पाच मारायला हवेत, एवढंच डोक्यात आलं.

पहिला बॉल लेगला ओढायला गेलो, हुकला. दुसरा हुकला. तिसरा सरळ आभाळात आणि बोलरच्या हातात. मागून विकेटकीपर म्हणाला, "भाईसाब, मच्छर मार रहे हो क्या?" प्रत्येक बॉलनंतर मी खुर्चीकडे बघायचो. असे सात गेले.

चाचांनी हात वर केला आणि चपला ओढत पट्टीवर आले. "कुठला रे तू?"

"संगमेश्वरचा, चाचा."

"मग हे काय चाललंय? बॉल सोडून माझं तोंड कशाला बघतोस? गावात कुठं खेळायचास?"

"भात कापलं की मळ्यात. लेगला एका मावशीचं घर होतं, कौलारू. तिकडे बॉल गेला की आऊट."

"आणि मावशी?"

"बॉल विळीवर कापून परत द्यायची."

कीपर हसला. चाचा नाही हसले. "मग ते घर आहे तिथं असं समज," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

आठवा बोलरच्या बाजूने जमिनीलगत गेला. नववाही तसाच. दहावा सुंदर पडला, बॅटजवळून निघून गेला. मी पुन्हा स्टान्स घेतला. अकरावा ऑफच्या बाहेर होता, सोडून दिला. हातातले दोनच बॉल, त्यातला एक न खेळता जाऊ दिला, म्हणजे व्हिसाच्या उरलेल्या दिवसांतला एक फुकट घालवल्यासारखं वाटलं. बारावा सरळ मारला, बोलरने पायाने अडवला. खलास.

एक फोर नाही, सिक्स नाही. रेतीत बसून बूट सोडायला लागलो, तर लेसची गाठ सुटेना.

चाचा पुढ्यात येऊन उभे राहिले. "दहाव्याला चुकलास. मग काय केलंस?"

"काही नाही. पुन्हा उभा राहिलो."

"माझ्याकडे बघितलंस?"

"नाही."

"हां. सिक्स कोणपण मारतो रे. मघाचा तो डोळे मिटून मारत होता, पाय जागचे हलत नव्हते. उद्या आयडी कार्डाची कॉपी घेऊन ये. साहेबांशी बोलतो. इंशाल्ला."

इथे इंशाल्ला म्हणजे हो असतं, नाहीही असतं. नक्की काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नवव्या दिवशी ट्रान्सफर झाली. चाचांच्या पाया पडायला वाकलो तर ते ओरडले, "कमरेला जप. शुक्रवारी मॅच आहे."

अजूनही शुक्रवारी सकाळी बूट दोनदा सोडून बांधतो. लागोपाठ शून्यावर गेलो तर काय, हे कुणी सांगितलेलं नाही.

ट्रान्सफर झाली त्या संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "एवढे दिवस एकटेच?"

मी विचारलं, "मळ्याशेजारचं मावशीचं घर आहे ना गं अजून?"

"आहे की. कौलं काढून पत्रा घातला त्यांनी. का हो?"