तीस मिली कॉफी

वजन कमी करायच्या ऑपरेशनने माझं वजन किती उतरलं ते मी कुणालाही सांगते, पण ऐकण्यात कुणाला रस नसतो. लोकांना किस्से हवे असतात. आणि किस्स्यांचं असं, की पोट लहान करून घेतलं तरी ते साठतच जातात! आम्हा तिघांचे मिळून आता इतके झालेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो.

तिघं म्हणजे मी, हिराताई आणि इस्माईलभाई. एकाच आठवड्यात, पनवेलच्या एकाच हॉस्पिटलात, एकाच डॉक्टरांकडून कापून घेतलेले. मी खारघरच्या एका कॉलेजात लायब्ररीत कामाला, राहायला नवीन पनवेलला. हिराताई उरणच्या बाजारात मासळी विकतात. इस्माईलभाईंचं जुन्या पनवेलमध्ये हार्डवेअरचं दुकान. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस एका वेळी फक्त तीस मिली प्यायचं असतं. खोकल्याच्या औषधावर प्लॅस्टिकचं झाकण येतं ना, तेवढंच! तेही घोट घोट, पंधरा मिनिटं लावून. आम्ही तिघं वॉर्डात आपापलं झाकण धरून बसायचो. आमच्या डाएटिशियन तेजल मॅडम हसून म्हणाल्या, "झाकण मंडळ!" तेच नाव पडलं. त्या वर्षी सगळ्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप नुकतं आलं होतं. ग्रुपचं नावही तेच ठेवलं.

\*

आता माझ्या भीतीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी आई एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. जाड होती. एक जिना चढून आली, खुर्चीत बसली, 'जरा कॉफी टाक गं' म्हणाली. मी कॉफी घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. ऑपरेशन झालं तेव्हा मला अठ्ठेचाळीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते. वजनही आईएवढंच आणि कॉफीचं वेडही तिचंच. जायफळ किसून घातलेली, दाट दुधाची, दिवसाला सहा कप.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी सगळं समजावून सांगितलं. पोटाचा केवढा भाग वगळणार, आतडं कुठे जोडणार, टाके, गळतीचा धोका. शेवटी ते म्हणाले, "काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "कॉफी?"

डॉक्टर हसले, माझा नवरा सुधीर तर खो खो हसला. सुधीर हा आमच्या घरातला न घाबरणारा माणूस. ऑपरेशनच्या दिवशी मी आत असताना हा बाहेर शब्दकोडं सोडवत होता! शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "किती वेळ लागला रे?" तर म्हणे, "एक आडवा शब्द राहिला, तेवढा वेळ." हॉस्पिटलसाठी त्याने निळी बॅग भरली होती, तीही लग्नाला निघाल्यासारखी निवांत. गाऊन, टॉवेल, थर्मास, वर फाइल. घरी आल्यावर मी म्हटलं, ती बॅग मला डोळ्यांसमोर नको. "माळ्यावर टाकली," म्हणाला.

\*

तेजल मॅडमनी आहाराचा कागद दिला होता. त्यात सगळ्यात खाली एक ओळ, 'कॉफी: दोन महिन्यांनंतर, डॉक्टरांना विचारून.' दोन महिने झाले. विचारणार कोण? आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो.

कारण तोवर कळंबोलीच्या बाईंची बातमी आली होती. कळंबोलीला म्हणे एका बाईंनी आपल्यासारखंच ऑपरेशन करून घेतलं, घाई करून कॉफी प्यायल्या आणि आतले टाके सुटले! कोणी सांगितलं, माहीत नाही. पण त्या बाई माझ्या घरात राहायलाच आल्या. पोटात जरा गुरगुरलं की मला त्या आठवायच्या. लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारता मारता मी हळूच मनगटाची नाडी बघायची. पोरं विचारायची, "मॅडम, घड्याळ बंद पडलंय का?"

मग एका बुधवारी ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी एक सडपातळ बाई येऊन बसल्या. पर्समधून छोटा थर्मास काढला. झाकण उघडताच कॉफीचा वास! मी जवळजवळ किंचाळलेच. "अहो, पिऊ नका!"

"का? मला वर्ष झालंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या?"

"पनवेलची."

"अगंबाई! मग सांभाळून हं. पनवेलच्या एका बाईंना म्हणे कॉफीच्या नुसत्या वासाने चक्कर आली, कॉलेजच्या लायब्ररीत पडल्या. वाचल्या का, ते काही कळलं नाही."

मी विचारलं, "तुम्ही कुठून येता?"

"कळंबोलीहून."

\*

एवढं झाल्यावर तरी भीती जावी की नाही? नाही गेली. कळंबोलीच्या बाई धडधाकट निघाल्या, तर आता मला त्या पनवेलच्या बाईंची काळजी वाटायला लागली!

तेवढ्यात हिराताईंनी बाजारात कॉफी घेतली. कुणाला न सांगता, बाजाराच्या तोंडावरच्या टपरीवर. अख्खा ग्लास, तोही दोन घोटांत. पाच मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. त्या मासळीच्या पाटीशेजारी खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "भारती, मी चाल्ले. माझी बसायची जागा सुनेला द्या. तिला कोणी उठवायचं नाय."

मग त्यांना वाटलं, आपण जाणार, तर मासळी कशाला नासवायची? समोर जो येईल त्याला पापलेट वाटायला लागल्या. "घे रे बाबा, माझी आठवन ठेव." बाजारात ही गर्दी! तासाभराने घाम आटला, धडधड थांबली. पाटी रिकामी.

ओपीडीत तेजल मॅडमनी विचारलं, साखर किती होती? हिराताई म्हणाल्या, "चार चमचे. कॉफी कडू लागते ना!"

"अहो ताई, कॉफीने नाही झालं ते, साखरेने झालं! ऑपरेशननंतर एवढी साखर एकदम गेली की असंच होतं. बिनसाखरेची घ्या, थोडी थोडी घ्या."

"ता आधी सांगाचा ना," हिराताई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मी जिती रायले, आनि पापलेटं गेली!"

आम्ही हसलो. पण घरी आल्यावर मी कॉफीची बरणी वरच्या फळीवरून काढून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. सुधीर म्हणाला, "बरणी पळून जाईल होय?"

\*

झाकणाची सवय मात्र तिघांनाही इतकी लागली, की सुटता सुटेना. इस्माईलभाईंच्या धाकट्या मुलीला बघायला महाडहून मंडळी आली. भाभी आत तयारीत, म्हणून पाहुण्यांना कॉफी द्यायचं काम भाईंकडे. भाईंनी अगदी मन लावून प्रत्येकाला औषधाच्या झाकणात तीस-तीस मिली कॉफी ओतून दिली! वर अदबीने सांगितलं, "आरामात घ्या. पंधरा मिनिटं लागली पाहिजेत."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. सगळे झाकणं धरून पंधरा मिनिटं बसले. भाभी बाहेर आल्या आणि दारातच थिजल्या.

मुलाची आजी मात्र खूश! म्हणाली, "इतक्या सबुरीचं घर मी पाहिलं नाही. मुलगी हीच."

ती मुलगी आता मस्कतला सुखात आहे. भाई मात्र अजून सांगतात, "त्या दिवशी माझी जी हालत झाली, ऑपरेशनलाही तशी नव्हती."

\*

या सगळ्यातून मंडळाचा एक नियम ठरला. पहिली कॉफी एकट्याने प्यायची नाही. पिणार त्याच्यासमोर बाकीच्यांनी बसायचं आणि इस्माईलभाईंची व्हॅन दारात उभी करायची, तोंड रस्त्याकडे करून. म्हणजे काही झालंच तर वळवण्यात वेळ जायला नको.

व्हॅन भाईंची, म्हणून पहिला मानही त्यांचाच. पाच महिने झाल्यावर, दुकान बंद असतं त्या दिवशी, दुकानातच. व्हॅन तोंड रस्त्याकडे करून लावलेली. मी आणि हिराताई स्टुलांवर. भाईंनी "बिस्मिल्लाह" म्हटलं आणि बिनसाखरेचं पहिलं झाकण घेतलं. दुसरं घेतलं. दुकानात खिळ्यांच्या डब्यांशिवाय कोणी नाही आणि आमचे श्वास तेवढे ऐकू येताहेत. तिसऱ्या झाकणाला भाईंनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि तोंडातून असा काही आवाज काढला, की माझं काळीजच हललं.

"सुटले टाके!" हिराताई ओरडल्या. त्या पुढे, मी मागे, आम्ही धावत जाऊन व्हॅनमध्ये बसलो. दार ओढलं. "चला, चला!" हिराताई म्हणाल्या. मीही म्हटलं, "चला!"

व्हॅन काही हलेना. पुढची सीट रिकामी होती. आम्हा दोघींनाही गाडी येत नाही.

तेवढ्यात दुकानातून भाई आले, ड्रायव्हरच्या जागेवर बसले, किल्ली लावली आणि मागे वळून म्हणाले, "ढेकर होती. आता तुम्ही म्हणता, तर बोला, मला कुठे घेऊन जाऊ?"

\*

राहिले मी. आज नको, पुढच्या आठवड्यात, असं करता करता आठ महिने गेले. माझा एकोणपन्नासावा वाढदिवस आला. त्या दिवशी सकाळपासून मला आईची खुर्ची दिसत होती. आईने मागितलेली ती कॉफी दिसत होती, माझ्या हातातली, वाफ येणारी. मी ती मोरीत ओतली होती. हे मी सुधीरला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

त्याने शब्दकोडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "रविवारी पिऊन टाक. हिराताईंना बोलाव. अगं, कॉफीच आहे, मोरचूद नाही."

"भाई मस्कतला गेलेत. व्हॅन नाही."

"व्हॅन कशाला लागते कॉफीला?" म्हणत त्याने शब्दकोडं पुढे ओढलं. मला रागच आला. एखाद्याला इतकंही काही वाटू नये?

रविवारी दहाला हिराताई आल्या. कॉफी सुधीरनेच केली. जायफळ किसलं, साखर नाही. कपात नको म्हटलं, म्हणून झाकणात ओतून समोर ठेवली आणि तो पेपर घेऊन खिडकीपाशी जाऊन बसला.

वास आला. मी एका हाताने झाकण उचललं. हिराताईंनी दुसरा हात घट्ट धरला. त्यांच्या हाताला बर्फाचा गारवा होता, रविवारची मासळी सोडून आल्या होत्या. "पी गो," म्हणाल्या. "मी हाय."

पहिला घोट मी तोंडातच धरून ठेवला. गिळला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. मग थांबले. छातीत धडधड होती, पण ती सकाळपासूनच होती. दुसरा घोट. तिसरा. पंधरा मिनिटांत पहिलं झाकण, अर्ध्या तासात दुसरं. सुधीरने पेपरातून मान वर केली नाही. पाऊण तास झाला, तास झाला. मी खुर्चीत बसले होते, आणि जिवंत होते! हिराताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि निघाल्या.

त्यांना सोडायला मी खाली गेले. गेटपाशी एक रिक्षा उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. हिराताईंनी विचारलं, "स्टँडला येतस काय रे?"

"नाय मावशी, गाडी थांबवलेली हाय," रिक्षावाला म्हणाला. "सकाळी नऊपासून. दुसऱ्या माळ्यावरचे साहेब बोलले, वर मॅडमची कॉफी होईस्तोवर हलायचं नाय. एका कॉफीला इतका टाइम लागतो काय हो?"

मी आत वाकून बघितलं. मागच्या सीटवर निळी बॅग होती. चेन लावलेली, वर फाइल.

हिराताई चालत स्टँडकडे गेल्या. मी वर आले. सुधीर दारातच चपला घालत होता.

"गेल्या हिराताई?"

"गेल्या."

"मी जरा खाली जाऊन दूध घेऊन येतो," तो म्हणाला.

फ्रिजमध्ये दुधाच्या तीन पिशव्या होत्या. मी म्हटलं, "आण."